हाड भरलं, पुढे काय?

दाताच्या इम्प्लांटची चौकशी करायला गेलेला माणूस घरी येतो तो हातात एक कागद घेऊन. त्यावर स्क्रूची किंमत असते, वर बसणाऱ्या कॅपची असते, सीबीसीटी स्कॅनची असते, आणि ‘हाड कमी आहे’ असं निदान झालं असेल तर बोन ग्राफ्टची आणि त्यावर घालायच्या पडद्याचीही असते. घरात चर्चा रंगते ती ग्राफ्टवर. हे हाड आणणार कुठून, ते धरेल का, दुखेल किती, एवढे पैसे घालून उपयोग होईल का. प्रश्न रास्त आहेत, पण ते सगळे पहिल्या वर्षाचे आहेत. माणूस पन्नाशीचा असेल तर हा स्क्रू त्याला आणखी पंचवीस-तीस वर्षं तोंडात वागवायचा आहे, आणि त्या काळाबद्दल कागदावर बहुधा एक ओळही नसते. आजवर जमा झालेला पुरावा पाहिला तर म्हणावं लागतं की ग्राफ्ट हा या प्रकरणातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते स्क्रूच्या गळ्याभोवतीची दोन-चार मिलिमीटर हिरडी वर्षानुवर्षं शांत ठेवणं. आपलं लक्ष आणि आपला पैसा मात्र नेमके उलट्या प्रमाणात खर्च होतात.

आधी हाड कमी का होतं ते पाहू, कारण त्यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. जबड्याच्या हाडाचा जो उंचवटा दातांना धरून असतो तो दातांसाठीच घडलेला असतो. दात येताना तो तयार होतो आणि दात गेला की झिजू लागतो. मुळाला लगटून असलेल्या हाडाच्या पातळ थराचं रक्त आणि काम दोन्ही दातावर अवलंबून असतं. दात उपटला की तो थर टिकायला काही कारणच उरत नाही. डेन्मार्कमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाढा-उपदाढा काढलेल्या जागी वर्षभरात हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने घटलेली दिसली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. ‘दात काढलाय, जखम भरू दे, मग वर्षाभराने बघू’ असं म्हणणाऱ्याला ही घट दिसत नाही, कारण वरून हिरडी गुलाबी आणि सपाट झालेली असते. वरच्या पटाशीच्या दातांत तर ओठाकडची हाडाची भिंत मुळात बहुतेकांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. ती झिजली की उंचवटा ओठाच्या बाजूने आत बसतो, आणि तिथे नुसता इम्प्लांट घातला तर त्याच्या बाहेरच्या अंगाला हाड जवळपास उरतच नाही.

ग्राफ्टचं काम इथून सुरू होतं. हाड रुग्णाचंच असू शकतं, हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागच्या भागातून काढलेलं. यात जिवंत पेशी असतात आणि डॉक्टर मंडळी अजूनही त्यालाच सर्वांत सरस मानतात, पण दुसरी जखम करावी लागते. नाहीतर ते मृत दात्याच्या हाडावर प्रक्रिया करून केलेलं असतं, किंवा गाईच्या हाडातले सगळे सेंद्रिय पदार्थ उष्णतेने आणि रसायनांनी काढून उरलेला खनिज सांगाडा असतो, किंवा प्रयोगशाळेत बनवलेलं कॅल्शियमचं संयुग. दिसायला हे सगळं जाड्या रव्याएवढ्या पांढऱ्या कणांचं असतं. डॉक्टर ते कण रुग्णाच्याच रक्तात किंवा सलाइनमध्ये भिजवतात, खड्ड्यात हलक्या हाताने भरतात, वर बहुतेक वेळा कोलॅजनचा पडदा पांघरतात आणि हिरडी ताण न देता शिवतात. पडद्याला कारण आहे. हाडाच्या पेशी सावकाश वाढतात, हिरडीच्या पेशी झपाट्याने. मध्ये आडपडदा नसेल तर हिरडी आधी शिरून ती जागा बळकावते. ही कल्पना १९८० च्या दशकात स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या संशोधकांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पक्की केली. पुढचे चार ते सहा महिने, आणि वरच्या जबड्यात सायनसखाली हाड भरलं असेल तर त्याहून जास्त, शरीर त्या कणांच्या सांगाड्यावर स्वतःचं हाड चढवत राहतं. गाईच्या हाडाचे कण तर पुरते विरघळतच नाहीत. अनेक वर्षांनी काढलेल्या नमुन्यांतही ते नव्या हाडात गुंतलेले सापडतात. त्यामुळे भरलेल्या जागेचा आकार टिकतो, आणि हा त्यांचा दोष नाही, उपयोगच आहे. बाजारात मिळणारे अनेक पडदे डुकराच्या कातडीतल्या किंवा आतड्यावरच्या कोलॅजनचे असतात हेही इथेच सांगायला हवं. शाकाहारी, जैन, मुसलमान किंवा गाईबद्दल श्रद्धा असणाऱ्या रुग्णाला ही माहिती संमतीच्या सहीआधी मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि पर्याय उपलब्ध असताना ती न देण्याला काहीही सबब नाही.

हे ऐकल्यावर कुणी म्हणेल, ग्राफ्ट म्हणजे बिल वाढवायचा धंदा. या संशयाला थोडी जागा आहे हे मान्य करायला हवं. दात काढतानाच खड्डा भरून टाकण्याच्या पद्धतीवर झालेल्या अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला. त्यात असं दिसलं की खड्डा भरल्याने रुंदी आणि उंची वाचतात त्या प्रत्येकी साधारण एक ते दीड मिलिमीटर, आणि त्या पुराव्याची खात्रीही फार कमी प्रतीची आहे. मागच्या दाढेच्या जागी, जिथे हाड मुळात रुंद असतं, तिथे या दीड मिलिमीटरने फारसा फरक पडणार नाही. वरच्या दाढांच्या जागी सायनस खाली उतरलेला असेल तर पूर्वी सायनस लिफ्ट, म्हणजे सायनसचा तळ उचलून खाली हाड भरण्याची शस्त्रक्रिया, जवळजवळ ठरलेलीच असायची. आता सहा मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट त्या जागी भरलेल्या हाडातल्या लांब इम्प्लांटइतकेच काही वर्षं तरी टिकतात, शिवाय शस्त्रक्रियेच्या कटकटी कमी, असं अनेक तुलनात्मक चाचण्यांत आढळलं आहे. तेव्हा ‘ग्राफ्ट केला नाही तर काय होईल’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारायलाच हवा. पण वरच्या पटाशीच्या जागी उत्तर बहुधा ग्राफ्टच्या बाजूने जाईल, आणि त्याचं कारण मजबुतीपेक्षा वेगळं आहे. आजचे इम्प्लांट मुद्दाम खरबरीत केलेले असतात, हाड त्यांना लवकर धरावं म्हणून. बाहेरच्या बाजूला हाड नसेल तर हा खरबरीत भाग पातळ हिरडीच्या मागे उघडा राहतो. हिरडी हळूहळू वर सरकते, करडी सावली दिसू लागते, आणि एकदा तोंडातल्या जिवाणूंचा त्या खरबरीत पृष्ठभागाशी संबंध आला की तो घासून स्वच्छ करणं जवळपास अशक्य होऊन बसतं. म्हणजे ग्राफ्टची खरी कमाई स्क्रू पक्का धरण्यात फारशी नाही. हिरडीला खालून आधार मिळतो आणि तो पृष्ठभाग झाकलेला राहतो, यात ती आहे.

हिरडीला आधार मिळाला तरी इम्प्लांटभोवतीची हिरडी म्हणजे दाताभोवतीची हिरडी नव्हे, आणि सगळं पुढचं दुखणं या एका फरकातून निघतं. नैसर्गिक दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचं पातळ कवच असतं आणि हिरडीतले कोलॅजनचे तंतू त्या कवचात जवळपास काटकोनात रुतलेले असतात. मुळाभोवती तंतुमय पडदाही असतो, ज्यातून रक्तवाहिन्या हिरडीला रसद पुरवतात. इम्प्लांटच्या टायटॅनियमवर यातलं काहीच नाही. तंतू त्याच्या पृष्ठभागाशी समांतर धावतात, त्याच्याभोवती गोल फिरतात, घट्ट बसलेल्या अंगठीसारखे त्याला आवळून धरतात; पण रुतत मात्र नाहीत. रक्तपुरवठाही तुलनेने तुटपुंजा. परिणाम असा की जिवाणूंचा थर गळ्याशी साचला आणि सूज आली, तर दाताच्या बाबतीत तंतूंचा जो बांध सूज बराच काळ हाडापासून दूर अडवून धरतो, तो इथे कमकुवत असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दात आणि इम्प्लांट दोन्हींभोवती सारखीच घाण मुद्दाम साचू दिली, तेव्हा इम्प्लांटभोवतीची सूज अधिक पसरली आणि हाडापर्यंत पोहोचली.

हे घडताना रुग्णाला कळतं का? बहुतेकदा नाही. इम्प्लांटभोवतीचा आजार सहसा दुखत नाही. तो सापडतो तपासणीत, आणि ती तपासणी दिसायला अगदी साधी आहे: मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट, बारीक सळई इम्प्लांट आणि हिरडी यांच्या फटीत पंचवीसेक ग्रॅमच्या दाबाने, म्हणजे बोटाच्या नखाखाली घातली तरी दुखणार नाही इतक्या हलकेच, चारी बाजूंनी फिरवायची, आत किती उतरते ते वाचायचं आणि क्षणभर थांबून रक्त येतं का ते पाहायचं. फक्त सूज आणि रक्त असेल तर त्याला पेरिइम्प्लांट म्यूकोसायटिस म्हणतात. सोबत हाडही झिजत असेल तर पेरिइम्प्लांटायटिस. २०१७ साली अमेरिकी आणि युरोपीय तज्ज्ञांनी एकत्र बसून या दोघांच्या व्याख्या नक्की केल्या. जुन्या नोंदी नसतील तर सहा किंवा अधिक मिलिमीटर खोली, तीन किंवा अधिक मिलिमीटर हाडाची झीज आणि रक्त येणं, हे तिन्ही मिळून आजार धरावा असं ठरलं. या व्याख्येच्या आत एक व्यावहारिक सूचना दडलेली आहे. कॅप बसल्यावर लगेच एक एक्स-रे आणि सगळीकडची मापं नोंदवून ठेवली नसतील, तर पाच वर्षांनी दिसलेली दोन मिलिमीटरची झीज जुनी की नवी हे सांगताच येणार नाही.

आता आकडे. इम्प्लांटचं दहा वर्षांचं ‘टिकणं’ पंचाण्णव टक्क्यांच्या वर असतं हे खरं आहे आणि जाहिरातीत छापलं जातं तेही हेच. या तंत्राचा पहिला रुग्ण, गोथेनबर्गचा गोस्टा लार्सन, याच्या जबड्यात पेर-इंग्वार ब्रानेमार्क यांनी १९६५ साली टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले आणि २००६ साली त्याचं निधन झालं तेव्हाही ते कामात होते. मग एवढी काळजी कशाला, असा आक्षेप स्वाभाविक आहे. पण ‘टिकला’ याचा अर्थ तोंडातून निघालेला नाही, इतकाच. भोवती पू असलेला, अर्ध्या उंचीपर्यंत हाड गेलेला इम्प्लांटही या मोजणीत टिकलेलाच धरला जातो, कारण उरलेल्या अर्ध्या हाडात तो तसूभरही हलत नाही. स्वीडनमध्ये राष्ट्रीय नोंदींमधून निवडलेल्या ५८८ रुग्णांची नऊ वर्षांनी प्रत्यक्ष तपासणी केली (२०१६), तेव्हा ४५ टक्के लोकांत थोडा का होईना पेरिइम्प्लांटायटिस होता, आणि १४.५ टक्क्यांत मध्यम ते तीव्र. म्हणजे दर सात रुग्णांत एकाची परिस्थिती खरोखर चिंताजनक होती. हे स्वीडन, जिथे दंतचिकित्सेला सरकारी आधार आहे आणि नियमित तपासणीची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आणखी एक गोष्ट त्याच आकड्यांत दिसली: ज्यांना आजार झाला त्यांच्यातल्या बहुतेकांत तो पहिल्या तीन वर्षांतच सुरू झालेला होता.

यावर अधिक विचार करायला लावणारा आक्षेप खुद्द इम्प्लांट-विद्येच्या एका मोठ्या माणसाकडून आला आहे. ब्रानेमार्क यांचे सहकारी टॉमास अल्ब्रेक्टसन यांचं म्हणणं असं की हाड टायटॅनियमला धरतं ते प्रेमापोटी नव्हे. शरीर त्याला परका पदार्थ मानून भोवती हाडाचा कोट उभारतं. त्यामुळे काही ठिकाणी कडेचं हाड थोडं झिजणं ही त्या कोटाची फेरमांडणी असते, तिला सरसकट संसर्ग म्हणून घाबरून इलाज करत सुटणं चुकीचं आहे. यात तथ्य आहे. पहिल्या वर्षी कडेचं थोडं हाड गेलं म्हणून कुणी रोगी ठरत नाही. १९८६ साली अल्ब्रेक्टसन यांनीच मांडलेल्या यशाच्या निकषांत पहिल्या वर्षानंतर दरसाल ०.२ मिलिमीटरपर्यंतची झीज चालेल असं म्हटलं होतं. पण ही भूमिका मान्य केली तरी नोंदी ठेवण्याचं काम वाचत नाही, उलट वाढतं. फेरमांडणी आहे की आजार, हे एका दिवसाच्या एक्स-रेवरून ठरत नाही. रक्त येतंय का, माप वाढतंय का, झीज पुढे सरकतेय का, हे काही वर्षं पाहिल्यावरच ठरतं. झिजेला आजार म्हणणारे आणि फेरमांडणी म्हणणारे, वरवर विरोधी वाटणारे हे दोन गट इथे एकाच गोष्टीची मागणी करतात, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्याकडे केली जात नाही.

देखभालीने काय फरक पडतो याचा एक थेट दाखला ब्राझीलमधून २०१२ साली आला. म्यूकोसायटिस झालेल्या ८० रुग्णांना पाच वर्षांनी पुन्हा तपासलं. जे मधल्या काळात नियमित सफाईला येत होते त्यांच्यात १८ टक्क्यांना पुढे पेरिइम्प्लांटायटिस झाला, आणि जे येत नव्हते त्यांच्यात सुमारे ४४ टक्क्यांना. अभ्यास छोटा आहे आणि जे रुग्ण स्वतःहून येत राहतात ते घरीही जास्त काळजी घेत असणार, हेही लक्षात घ्यायला हवं. पण ज्या दिशेला हा आकडा बोट दाखवतो त्याच दिशेला इतर पुरावाही जातो. पूर्वी पायरियाने दात गेलेल्या माणसाला इम्प्लांटभोवती आजार होण्याचा धोका स्पष्टपणे जास्त असतो. आपल्याकडे अनेकजण इम्प्लांटपर्यंत पोहोचतात ते पायरियामुळेच, आणि उरलेल्या दातांवरचं कीटण न काढताच स्क्रू बसवले जातात. हे म्हणजे नव्या बिऱ्हाडकरूला जुन्याच साथीत आणून ठेवणं. मधुमेहाचंही असंच. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि साखर आटोक्यात नसेल तर जखम उशिरा भरते व संसर्ग लवकर धरतो, मग ती जखम ग्राफ्टची असो वा इम्प्लांटची. तंबाखूवरचं परदेशी संशोधन बहुतेक सिगारेटबद्दल आहे, पण महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत जवळपास चौथा हिस्सा प्रौढ माणसं न ओढता, तोंडात धरूनच तंबाखू घेत होती. मशेरी लावणाऱ्या बाईला ‘तुम्ही धूम्रपान करता का’ असं विचारलं तर ती खरेपणाने नाही म्हणेल. प्रश्न मशेरी, गुटखा, मावा, तंबाखू-चुना अशा नावांनी विचारायला हवा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेटची गोळी किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर ते न विचारताच सांगावं; या औषधांवर असताना जबड्यात शस्त्रक्रिया केली की क्वचित का होईना, तिथलं हाड मरण्याचा धोका असतो.

कधी कधी दोष रुग्णाचा नसतोच. कॅप चिकटवताना हिरडीखाली सिमेंट सांडून राहिलं तर ते एक्स-रेत सहसा दिसतही नाही आणि भोवती सूज टिकून राहते. २००९ सालच्या एका अभ्यासात सूज आलेल्या इम्प्लांटांपैकी ८१ टक्क्यांभोवती असं जादा सिमेंट सापडलं आणि ते काढल्यावर बहुतेकांची लक्षणं गेली. स्क्रूने बसवलेली कॅप याबाबतीत बरी, शिवाय ती काढून साफही करता येते. कॅपचा आकार फुगीर असेल, दोन कॅपांमध्ये ब्रश जायला जागाच ठेवली नसेल, तर रुग्णाने किती मन लावून घासलं तरी उपयोग नाही. इम्प्लांटभोवती जाड, न हलणारी, टणक हिरडीची दोन मिलिमीटरची पट्टी तरी असावी असं अनेक डॉक्टर मानतात. ती नसेल तर घासताना दुखतं, दुखलं की हात आपोआप तिथून सरकतो, आणि थर साचतो. टाळूवरून हिरडीचा तुकडा घेऊन तिथे लावणं ही छोटी शस्त्रक्रिया काही रुग्णांत हाडाच्या ग्राफ्टपेक्षा जास्त मोलाची ठरते, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आजार झाल्यावर इलाज आहेत, फक्त ते खात्रीचे नाहीत. म्यूकोसायटिस वेळेत सापडला तर सफाईने आटोक्यात येतो. पेरिइम्प्लांटायटिसमध्ये आधी हिरडी न उघडता सफाई, आणि त्याने भागलं नाही तर हिरडी उघडून पृष्ठभाग साफ करणं, असा पायरीपायरीचा मार्ग युरोपीय तज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत सांगितला आहे. काही खड्ड्यांत पुन्हा हाड भरलं जातं. एक्स-रे छान दिसतो, पण भरलेले कण एक्स-रेत आपोआपच पांढरे दिसतात, त्यावरून इम्प्लांटला हाड परत चिकटलं असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि केमिस्टकडून आणलेला अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स हा इलाज नाहीच. गोळी सूज उतरवते, खरबरीत टायटॅनियमवरचा थर तसाच राहतो.

मग कागदावर काय असायला हवं? पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी, पुढे धोका पाहून तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सफाई. दरवेळी मापांची नोंद. ठरावीक अंतराने एक्स-रे. आणि या सगळ्याचा दहा वर्षांचा खर्च. हा आकडा पाहून काहीजण मागे फिरतील. फिरू देत. हलणारा पण उपचाराने सावरू शकणारा दात वाचवणं, साधा ब्रिज करणं किंवा चांगली कवळी वापरणं हे त्यांच्यासाठी जास्त शहाणपणाचं असू शकेल. शिवाय हिशेब करताना वयाचाही विचार हवा. साठाव्या वर्षी संपूर्ण जबड्यावर पक्का बसवलेला इम्प्लांट-ब्रिज ऐंशीव्या वर्षी, हात थरथरत असताना किंवा पक्षाघातानंतर, कोण साफ करणार? सांभाळायला ठेवलेल्या बाईला कवळी धुता येते. हिरडीलगत घट्ट बसलेल्या ब्रिजखालून बारीक ब्रश फिरवायचं कसब तिच्याकडून अपेक्षिणं अवघड आहे. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांटांवर खटक्याने बसणारी काढती कवळी ही २००२ सालापासून दात पूर्ण गेलेल्यांसाठी किमान योग्य पर्याय म्हणून मांडली गेली आहे, आणि उतारवयात ती निव्वळ सोयीच्या दृष्टीनेही सरस ठरते. ज्यांची मुलं परदेशात आहेत, किंवा जे स्वतः सुट्टीत येऊन पुण्या-मुंबईत इम्प्लांट करून परत जातात, त्यांनी निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट मागून घ्यावी: इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, अबटमेंटचा (इम्प्लांट आणि कॅप जोडणाऱ्या भागाचा) प्रकार, ग्राफ्ट कशाचा होता, आणि कॅप बसल्यादिवशीचा एक्स-रे. बाजारात शेकडो प्रकारचे इम्प्लांट आहेत आणि प्रत्येकाचा स्क्रू उघडायचा पाना वेगळा. ही नोंद नसेल तर दुसऱ्या शहरातला डॉक्टर कॅप काढायला बसतो तेव्हा पहिला तासभर कोणता पाना लागेल हे हुडकण्यातच जातो.